धाकट्या गव्हाणीत चिराग किती

आमच्या गावाला अक्कल न्हाई, हे मी गावातच बसून सांगते. माहेरी जाऊन सांगितलं असतं तर लोक म्हणले असते, सासरची निंदा करती. पण माझं माहेर बी तसलंच, म्हणून कुठं बी बसून सांगितलं तरी चालतंय.

गाव धाकटी गव्हाण. उमापूरच्या बाजारातून चकलांब्याकडं निघालं की वाटेत उजव्या हाताला माळ लागतो. त्या माळाच्या उतारावर आमची पांढर, साठ-सत्तर घरांची. खाली सिंदीचा ओढा, वर म्हसोबाची टेकडी, आन् टेकडीच्या मागं गायरान. चारशे बिघे कुसळी गवत, मधी एक झरा, चैतात बी न आटणारा. माझा नवरा सिदू वारला तवा माझ्या पदरात साठ मेंढरं टाकून गेला. पोरबाळ न्हाई, शेत न्हाई. त्या साठाची मी ऐंशी केली, ती ह्याच गवतावर. गायरान गेलं तर मेंढरं गेली, आन् मेंढरं गेली तर सारजाबाईला दुसऱ्याच्या रानात खुरपं घेऊन बसायचं.

गावावर राज्य निजामाचं, पण निजाम कुणी पाह्यलाय? आमच्यावर राज्य राधाकिशन पाटलाचं. वसुलीचा माली पाटील बी तोच, पोलीस पाटील बी तोच. दोन पाटीलक्या एकाच डोक्यावर, म्हणून पागोटं एवढं मोठं, आन् आत काय हाय ते म्हसोबालाच ठावं. लिहिणं-वाचणं पटवारी आप्पाकडं. तो राहायचा थोरल्या गव्हाणीत, ओढ्याच्या पल्याड, आन् म्हैन्यातून एकदा तट्टावर बसून आमच्याकडं यायचा. येताना तोंड असं करायचा की जसं काय कुणी एरंडेल पाजलंय.

फसली तेराशे एकवीस साल व्हतं. सरकारी बहमन म्हैना, आमचा पूस. आप्पा एक लांबलचक कागद घेऊन आला. तालुक्याचा हुकूम व्हता, गावोगावची माहिती लिहून द्यायची. तीन बाबी व्हत्या. जुगराफिया, तवारीख आन् इंतजाम. गाव कुठं हाय न् कसं हाय, गावाचं मागं काय काय झालं, आन् गावाचा कारभार कसा चालतो. दुसऱ्या कुठल्या बी गावात हे ऐकून चार माणसं खूश झाली असती, की चला, आपल्याला कुणीतरी इचारलं. आमच्या पाटलाला मात्र घाम फुटला. सरकार इचारतंय म्हंजी सरकारला काहीतरी घ्यायचंय, हे त्याचं गणित.

चावडीत सगळे जमले. बाया चावडी चढत न्हाईत, म्हणून मी भिताडाच्या भाईर लिंबाखाली मेंढरू धरून उभी व्हते. आतलं सगळं ऐकू येत व्हतं.

"नदी, ओढा?" आप्पानं इचारलं.

"न्हाई," पाटील म्हणला.

आप्पानं मान वळवून ओढ्याकडं पाह्यलं. पाणी वाहत व्हतं, त्याचा आवाज चावडीत येत व्हता.

"पाणी म्हणलं की पाणीपट्टी लावतेल," पाटील म्हणला. "लिहा, न्हाई."

"डोंगर, टेकडी?"

"न्हाई. टेकडी म्हणलं की सरकारी जंगलात धरतेल. मग काटकी मोडायची बी चोरी."

"सिंदीची झाडं?"

"ते झाडच आमच्याकडं उगवत न्हाई." ओढ्याच्या काठानं चाळीस सिंद्या उभ्या व्हत्या. आबकारीचा माणूस आला की झाडाला आकडा ठोकतो, ही त्याची भीती. भीती खोटी व्हती असं बी न्हाई. पण माणसानं खोटं तरी बेतानं बोलावं. ह्या बाबानं अर्ध्या घंट्यात ओढा पुसला, टेकडी पुसली, झाडं पुसली, आन् गाव बसवलं कुठं तर अधांतरी.

मग तवारीख आली. आश्रुबा म्हातारा ह्याच्यासाठी सकाळपासून धुतलेलं पागोटं बांधून बसला व्हता. गावाचं जे काय मागचं हाय ते त्याच्याच डोक्यात. तो सुरू झाला. थोरल्या गव्हाणीत दोन भाऊ व्हते, एका खळ्यावरून त्यांची मारामारी झाली, धाकटा चिडून बैलं सोडून ओढ्याच्या ह्या अंगाला आला आन् त्यानं गाव बसवलं. पुढं रोहिल्यांनी गाव लुटायला घेतलं तवा बायांनी येशीवरून जात्याच्या तळ्या टाकल्या. मग थोरल्या दुष्काळात गाव उठलं, जगायला गोदेकाठी गंगथडीला गेलं, तीन सालांनी माघारी आलं. म्हातारं सांगताना रंगलं व्हतं. मला बी बरं वाटलं. सासरच्या गावात सांगण्यासारखं एवढं हाय हे मला त्या दिशी कळलं.

"बास," पाटील म्हणला. "गाव उठलं व्हतं म्हणलास तर इचारतेल, मग तुमची वतनं कुठली? कुणाच्या हुकमानं माघारी आलात? लिहा आप्पा, तवारीख काय न्हाई."

"काहीच झालं न्हाई गावात?"

"काहीच न्हाई. झालं असतं तर आमाला कळलं असतं."

आश्रुबानं पागोटं काढून मांडीवर ठिवलं. कुणी त्याच्याकडं पाह्यलं बी न्हाई.

इंतजामाची तर मजाच. "चावडी?" आप्पानं इचारलं, आन् चावडीत बसलेल्या तीस माणसांनी एका सुरात सांगितलं, न्हाई. चावडी हाय म्हणलं की साहेबाचा मुक्काम पडतो, कोंबडी गावची, दूध गावचं, वैरण गावची. "जनावरं?" न्हाईत. माझा दीर धुळाजी पुढं बसला व्हता. त्याची पन्नास मेंढरं, माझी ऐंशी. तो म्हणला, "मेंढरं दिसतात ती वाटसरू धनगरांची असतात. येतात न् जातात."

"आन् चिराग किती?"

पाटलानं धुळाजीकडं पाह्यलं, धुळाजीनं त्याच्या कानात सांगितलं, "दिव्यावर पट्टी बसवायची असंल. घासलेटाची." पाटलानं मान डोलावली. केवढा मोठा डाव पकडला म्हणून त्याला आपलंच कौतुक वाटलं असंल.

"चिराग बिलकूल न्हाई," तो म्हणला. "आमी दिस बुडायच्या आत जेवतो आन् पडतो. आमाला दिवा कशाला?"

आप्पानं लेखणी थांबवली. "पाटील, नीट इचार करा. एक बी चिराग न्हाई?"

"एक बी न्हाई."

मला राहवलं न्हाई. मी भाईरून म्हणले, "माझ्या घरी हाय की दिवा. माझा एक लिहा."

"सारजे, गप ऱ्हा," पाटील म्हणला. "तुझी मेंढरं मोजाया लावतेल."

"लावू द्या की. खरं सांगायला तुमच्या पोटात कावून दुखतंय?"

सगळे हसले. बाईमाणूस बोललं की आमच्या गावात हसायची रीत हाय, बोलण्यात काय हाय ते मागून बघतात, बघितलं तर. मी थुंकले आन् मेंढरू घेऊन निघाले. घरी जाईस्तोर मनात एकच, ह्या तीस जणांत एक बी बाप्या खरा न्हाई. माझ्या हातात असतं तर कागद खरा झाला असता.

आप्पा कागदाची सुरळी करून तट्टावर बसला. त्या दिशी जाताना त्याचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं नव्हतं. त्याला सगळं कळलं व्हतं, हे मी पैजेवर सांगते. चिराग म्हंजी दिवा, हे खरं. पण सरकारी दफ्तरात चिराग म्हंजी राहतं घर, ज्यात चूल पेटती आन् माणूस निजतो. ज्या गावात असं एक बी घर न्हाई, ते गाव बेचिराग. उठलेलं, ओसाड. अशा गावाचं शिवार शेजारच्या गावात घालतात. आप्पाला आमची खेप चुकवायची व्हती, आन् आमी सगळ्यांनी मिळून त्याचं काम सोपं केलं. गाव करी ते राव न करी म्हणतात ते काय उगीच न्हाई.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात मी मेंढरं घेऊन टेकडीमागं गेले तर गायरानात चार माणसं. चुन्यानं रंगवलेले धोंडे रोवत व्हती. थोरल्या गव्हाणीच्या शहादेव पाटलाची माणसं. मी इचारलं, हे काय? तर त्यातला एक म्हणला, "बाई, तुमचं गाव बेचिराग झालंय. गायरान आता आमच्याकडं येणार. पुढल्या म्हैन्यापून मेंढरं घालू नका."

"गाव बेचिराग झालं तर मी कोण रे?"

"ते आमाला काय ठावं," तो म्हणला आन् पुढचा धोंडा रोवाया लागला.

मी तशीच मेंढरं सोडून पळत पाटलाच्या दारात गेले. त्याला सगळं सांगायला लागले तर आधी त्याला पटेचना. मग जवा पटलं तवा तो पागोटं चाचपाया लागला. मला गायरानाची भीती, त्याला पाटीलकीची. गावच न्हाई तर पाटील कशाचा? आन् मी त्याला काय काय बोलले ते आता सांगत न्हाई. सासऱ्याच्या वयाच्या माणसाला तसं बोलू नये. पण बोलले, आन् त्यानं खाली मान घालून ऐकलं, आन् मला लई बरं वाटलं.

पाटील गेवराईला गेला, तीन दिस तहसिलीच्या पायऱ्यावर बसला, आन् एक वायदा घेऊन आला. मंगळवारी तपासणीचा गिरदावर साहेब येणार, डोळ्यानं गाव बघणार, मग पुढचं लिहिणार. आता शहाण्या माणसानं काय करावं? काही करू नये. गाव हाय तसं बसावं. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण राधाकिशन पाटलानं दवंडी दिली, मंगळवारी दर घरानं उंबऱ्यावर दिवा लावायचा. चिराग दिसले पायजेत.

आन् लोकांनी लावले. फाल्गुनाचं ऊन, भर दुपार, डोळे उघडवत न्हाईत, आन् गावात साठ-सत्तर दिवे जळतायत. कुणी पणत्या, कुणी चिमण्या, एकानं तर कंदील टांगला. पाटलाच्या वाड्यावर अकरा दिवे. मी लावला का म्हणाल तर लावला. समद्या गावानं लावला आन् आपलाच न्हाई, असं नको.

गिरदावर घोड्यावरून येशीत आला. वयस्क माणूस, दाढी पिकलेली, चेहऱ्यावर धुळीचा थर. त्यानं एका अंगाची घरं बघितली, दुसऱ्या अंगाची बघितली, घोडा थांबवला आन् पाटलाला इचारलं, "आज क्या कोई ईद है?"

"न्हाई साहेब. चिराग हायत," पाटील म्हणला. "तुमच्या कागदावर न्हाई लिहिलेत, ते."

साहेबानं रुमाल काढून तोंड पुसलं. हसू पुसलं का घाम, ते मला दिसलं न्हाई.

चावडीत बसल्यावर त्यानं पयला कागद पुढं ठिवला आन् म्हणला, आता पुन्हा सांगा. त्याला मराठी चांगली येत व्हती. मग काय, पाटील सुटला. जे पुसलं व्हतं ते दुप्पट करून माघारी आणलं. नदी? तीन. "तिसरी कुठली?" साहेबानं इचारलं. "गोदावरी." "ती तर चार कोसावर हाय." "पुरात येती साहेब." डोंगर? सात. घरं? तीनशे. आश्रुबाला बी पढवून आणलं व्हतं. दोन भावांचं खळं, बायांनी टाकलेल्या जात्याच्या तळ्या, सगळं सोडून म्हातारं म्हणलं की दिल्लीच्या बादशहाची फौज इथं चार म्हैने तळ देऊन व्हती. "कुठला बादशहा?" तर म्हणलं, "जो तवा व्हता तो." खरी गोष्ट तोंडात असून म्हाताऱ्यानं ही थाप मारली. मला त्याची कीव बी आली न्हाई.

साहेब उठला. येसकर मुंजाजीला संगं घेतलं आन् गल्लीगल्लीनं फिरून स्वताच घरं मोजली. मुंजाजी प्रत्येक दाराशी काठी टेकवायचा आन् मालकाचं नाव सांगायचा, तेवढाच एक माणूस त्या दिशी सरळ बोलत व्हता. अडुसष्ट भरली. साहेबानं लिहिलं, चिराग अडुसष्ट. गाव कायम. पाटलानं हात जोडले, आन् बाया दिवे मालवाया लागल्या.

"अब गायरान," साहेब म्हणला.

मी पुढं सरकले. ह्याच्यासाठीच मी सकाळपासून उभी व्हते.

त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सावकाश सांगितलं. गाव राह्यलं, पण गायरानाचा दावा थोरल्या गव्हाणीनं लावलाय. त्यांनी आपली जनावरं मोजून दिलीत, सहाशे चाळीस. तुमची जितकी जनावरं, तितकं गायरान तुमच्याकडं राहील, बाकीचं तिकडं जाईल. चराईची पट्टी जी लागायची ती लागंल, पण गवत तुमचं राहील. "सच बोलो," तो म्हणला. "झूट बोलोगे तो अपना ही नुकसान करोगे."

ह्याच्याहून उघडं कुणी बोलतं का? एखाद्या दगडाला कळलं असतं. पण पाटील वळून हळूच म्हणला, "हे असं गोड बोलूनच तर धरतात." आन् सगळ्यांनी माना डोलावल्या. सकाळीच त्यानं गावची जनावरं ओढ्याच्या खालच्या घळीत हाकलायला लावली व्हती. माझी ऐंशी बी धुळाजीनं न्हेली व्हती, मला न इचारता.

साहेब एकेका घरधन्याला पुढं बोलवू लागला. पाटील म्हणला, दोन बैल. त्याच्या गोठ्यात चौदा जनावरं. दुसरा म्हणला, एक म्हैस, ती बी आटलेली. तिसरा म्हणला, शेळी व्हती, मेली. धुळाजी म्हणला, मेंढरं सात. मला तिथंच त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. साहेब लिहीत गेला.

मग मुंजाजीनं नाव पुकारलं, सारजाबाई सिदू. आयुष्यात पयल्यांदा सरकारात माझं नाव कुणी घेतलं. बाया चावडी चढत न्हाईत, पण साहेबानं हात केला आन् मी चढले. सगळा गाव खालून बघत व्हता.

"बाई, तुझी मेंढरं किती?"

मला ऐंशी म्हणायचं व्हतं. मी घरून ठरवून आलते, वाटेनं घोकत आलते. ऐंशी म्हणलं की माझ्यापुरतं तरी गवत राहतं, झरा राहतो, हे मला समोर दिसत व्हतं. मी पाटलाकडं पाह्यलं. तो पागोट्याखालून माझ्याकडं बघत व्हता. धुळाजी बघत व्हता. मग वाटलं, समद्यांनी सात न् दोन सांगितलीत, माझी एकटीचीच ऐंशी लिहिली तर चराईवाला माझ्याच दारात येऊन उभा राहील. वाटलं, हा साहेब बरा दिसतो, पण ह्याच्या मागून जो येईल तो? आन् वाटलं, इतके बाप्ये सांगतात त्याच्यात काहीतरी असंल. हे सगळं एका दमात वाटलं.

"पाच," मी म्हणले.

साहेबानं लेखणी उचलली न्हाई. त्यानं पुन्हा इचारलं, "बाई, नीट सांग. पाच?"

आप्पानं पाटलाला जसं इचारलं व्हतं, तसंच. मला ते कळलं. कळून बी मी म्हणले, "पाचच."

त्यानं लिहिलं. सगळ्या गावची मिळून त्रेपन्न जनावरं भरली. त्रेपन्नांना चारशे बिघे कशाला? साहेबानं पस्तीस बिघे आमच्याकडं ठिवले, ओढ्याच्या अंगाचा खडकाळ तुकडा, आन् झऱ्यासकट बाकी सगळं थोरल्या गव्हाणीच्या नावानं केलं. सही केली, घोड्यावर बसला आन् गेला. त्याची चूक मी आजवर शोधती, सापडत न्हाई.

मी चावडीवरून उतरले तवा पाटील आपणहून पुढं आला. एवढ्या सालांत तो माझ्याशी नीट एक शबूद बोलला नव्हता. "सारजे," तो म्हणला, "मला वाटलं व्हतं तू घात करणार. पण न्हाई. गावची शोभलीस." धुळाजी म्हणला, "वयनी, लई शहाणपणानं बोललात." बायांनी मला मधी घेतलं. त्या दिशी हसलं कुणी न्हाई.

वैशाखापस्तोर मी रेटलं. घळीतलं गवत संपलं, गंगथडीला चारायला गेले तर तिथल्या लोकांनी हाकललं, थोरल्या गव्हाणीच्या माणसांनी दोन डाव मेंढरं कोंडवाड्यात घातली. मग माजलगावचा खाटीक आला आन् दाव्याला बांधून न्हेत गेला. आधी मेंढे गेले, मग गाभण मेंढ्या, मग सिदूच्या हातची म्हातारी काळी मेंढी. खुरपं मी आता बरं चालवते.

पुढल्या साली चराईचा माणूस मोजायला आला. दारात उभा राहून म्हणला, "बाई, मेंढरं किती?" मी म्हणले, पाच. त्याचा इश्वास बसला न्हाई, त्यानं आत जाऊन मोजली. पाचच व्हती.